उंदीर चावला नाही, मग ताप कशाचा?

वैशाखात सरकीच्या ढेपेच्या खोलीत शिरलं की आधी नाकाला कळतं. ढेपेचा तेलकट, भाजल्यासारखा वास, त्यात बारदानाचा, आणि सगळ्यांत खाली उंदराच्या मुताचा उग्र दर्प. पाचोऱ्याकडच्या एका गोठ्यावर मी म्हशी तपासायला गेलो होतो. मालकांनी नव्या ढेपेसाठी खोली रिकामी करायला काढली होती. कामावरच्या पोराने भिंतीला टेकलेली शेवटची थप्पी ओढली आणि मागे काळ्या लेंड्यांचा सडा दिसला. कोपऱ्यात कुरतडलेल्या सुतळीचं नि कापसाचं घरटं. पोराने खराटा उचलला आणि एका दमात झाडायला घेतलं. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप खाली आली होती. त्या तिरिपेत धूळ अशी उसळली की पलीकडची भिंत दिसेना.

मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उंदीर चावनाच नहीं, मंग काय व्हस?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उंदीर चावला तर आपण घाबरतो, जखम धुतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो. पण उंदराच्या अंगातल्या काही विषाणूंना माणसापर्यंत यायला दातांची गरजच पडत नाही. उंदीर रात्रभर ठरलेल्या वाटेने फिरतो आणि जाता जाता थेंब थेंब मुतत जातो, वाट ओळखायची त्याची ती खूण असते. ते मूत वाळतं, लेंड्या वाळतात, पोत्यांखाली आणि पायांखाली त्यांचा भुगा होतो. खराट्याच्या एका फटकाऱ्यात तो भुगा हवेत उडतो. जाड कण नाकातच अडकतात. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण मात्र श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्या कणांवर विषाणू असेल तर काम झालं.

अशा विषाणूंमधलं सगळ्यांत महत्त्वाचं नाव हांटा. हा एक विषाणू नाही, मोठं कुळ आहे. आजाराची गोष्ट सुरू होते कोरियात. तिथे युद्ध चालू असताना, १९५१ ते १९५३ या काळात, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतल्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना एक विचित्र ताप आला. अंगावर रक्ताचे ठिपके उठायचे, रक्तदाब कोसळायचा, लघवी बंद व्हायची. कारण सापडायला पुढे दोन दशकांहून जास्त काळ गेला. १९७६ मध्ये हो-वांग ली या कोरियन शास्त्रज्ञांना शेतातल्या पाठीवर पट्टा असलेल्या उंदराच्या फुफ्फुसात त्याचा माग लागला. त्या भागातून वाहणाऱ्या हांतान नदीवरून विषाणूला नाव मिळालं. मग सोल शहरातल्या उंदरांतही त्याचा एक भाऊबंद सापडला, त्याला सोल विषाणू म्हणतात. आपल्यासाठी हा सोल विषाणू जास्त जवळचा. त्याचा मुख्य वाहक म्हणजे गटारीतला, गोदामातला साधा तपकिरी उंदीर. जहाजांतल्या मालाबरोबर तो जगभर पोचला, आणि विषाणूही त्याच्याबरोबर गेला.

आपल्या देशाचा यात एक वेगळाच मान आहे. १९६४ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरजवळ थोट्टापलायम इथे पकडलेल्या एका चिचुंद्रीच्या अंगातून एक विषाणू वेगळा काढला गेला. तो हांटाच्या कुळातला निघाला, पण हे कळलं बऱ्याच वर्षांनी. म्हणजे प्रयोगशाळेत वेगळा काढलेला या कुळातला पहिला विषाणू भारतातला होता, आणि तोही उंदरातला नव्हे. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडत नाही, किडे खाणाऱ्यांत मोडते. तिच्या त्या विषाणूने माणूस आजारी पडतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून चिचुंद्रीच्या मागे काठी घेऊन लागू नका.

आता हे सगळं खान्देशात का सांगायचं? आपल्याला जनावराकडून येणारा आजार नवा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पांढरे पोशाख घातलेली माणसं शेडमध्ये उतरली, ते चित्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे अजून आहे. पण तिथे कोंबड्या पटापट मरत होत्या, म्हणून सगळे धावले. त्याही आधीचा प्लेगचा काळ आठवा. जुनी माणसं सांगायची, घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं, मळ्यात झोपड्या बांधून राहायचं. मेलेला उंदीर हाच इशारा होता.

हांटाचा उंदीर पडत नाही. अडचण नेमकी इथे आहे. विषाणू आणि उंदीर यांची सोबत इतकी जुनी की उंदराला तो काहीच करत नाही. उंदीर खातो, पितो, पिल्लं घालतो, आणि आयुष्यभर मुतातून, लेंडीतून, लाळेतून विषाणू टाकत राहतो. उंदीर आपापसांत भांडतात, चावतात, तसा तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. शेड बघून, उंदीर बघून, कुठलीच खूण सापडत नाही. माणूस मात्र या विषाणूला परका. परक्या घरात शिरल्यावर तो धुडगूस घालतो.

भारतात हांटाची मोठी साथ आलेली नाही, हे आधीच सांगतो. कुणाची झोप उडवायला मी हे लिहीत नाही. पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी धान्य गोदामांतले कामगार आणि उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांचं रक्त तपासलं, तेव्हा काहींच्या रक्तात हांटाशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. ही 'खूण' म्हणजे काय हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढेमागे अशी तपासणी तुमच्या गोठ्यावर किंवा बाजारात झाली तर कागद हातात पडल्यावर घाबरायला होतं.

तापीला पूर येऊन ओसरला की काठच्या घरांच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते. ती रेघ सांगते की पाणी इथवर आलं होतं. कधी आलं, घरातलं काय वाहून गेलं, हे ती सांगत नाही. रक्तातल्या जुन्या अँटिबॉडी, ज्यांना आयजीजी म्हणतात, त्या अशा रेघेसारख्या असतात. विषाणू कधीतरी अंगात आला होता आणि शरीराने त्याला तोंड दिलं, एवढंच त्यांतून कळतं. कित्येकांना तेव्हा साधा ताप आला असेल, कित्येकांना तोही नाही. भिंत अजून ओली आणि दारात चिखल असेल तर पूर नुकताच येऊन गेला. तशी नुकत्याच झालेल्या लागणीची खूण म्हणजे आयजीएम. त्यातही एका विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी कुळातल्या दुसऱ्या विषाणूलाही चिकटतात, त्यामुळे पहिल्या चाचणीनंतर पक्की चाचणी करावी लागते. कागदावर पॉझिटिव्ह आहे म्हणजे माणूस आजारी आहे असं नव्हे, आणि तो दुसऱ्याला आजार देईल असं तर मुळीच नव्हे.

गुरांच्या आणि मटणाच्या कामातली माणसं या वाटेवर जास्त का येतात, हे त्यांच्या दिवसाकडे बघितलं की कळतं. ज्वारी, दादर, मका निघाली की शेतातले उंदीर मोकळ्या रानात थांबत नाहीत. त्यांना ऊब, ओल आणि दाणा लागतो, आणि तिन्ही गोष्टी गोठ्यात तयार असतात. कडब्याच्या गंजीत घर, गव्हाणीत सांडलेला भरडा, पाण्याचा हौद. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा ते बारा पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः पिल्लं घालायला लागतात. दिवाळीला चार दिसलेले उंदीर होळीला मोजता येत नाहीत ते यामुळे. कुट्टीच्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस, बारदानं झटकणारा माणूस, गंजी उपसणारा माणूस, हे सगळे कोरड्या धुळीत तासन्‌तास श्वास घेतात. बाजाराच्या आदल्या रात्री जनावरांबरोबर शेडमध्येच आडवे होणारे हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, आणि हमाल तर त्या धुळीतच झोपतात.

कत्तलखान्याचं चित्र वेगळं. मी अशा ठिकाणी पहाटे चारला जाऊन उभा राहिलो आहे. दिवे लागतात तेव्हा गटारीच्या जाळीपाशी घुशी अजून रेंगाळत असतात, माणसाला पाहून सावकाश आत सरकतात, इतक्या त्या सरावलेल्या. वजडी धुवायच्या हौदाशेजारी चरबीचे तुकडे, रक्त, शेण यांचा थर असतो. त्यात काम करणाऱ्या चाचांच्या पायात रबरी चपला होत्या. उजव्या हाताच्या बोटांवर सुरीचे सात-आठ वार, काही जुने, एक ताजा, त्यावर सुती चिंधी गुंडाळलेली आणि ती चिंधी पाण्याने चिंब. तिथे धूळ नाही. तिथे पाणी आहे, आणि पाण्यात उंदराचं मूत.

ओल्या जागेतला सगळ्यांत मोठा शत्रू विषाणू नसून जिवाणू आहे, लेप्टोस्पायरा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले होते, तो हाच. कातडीवरच्या बारीक चिरेतून, भिजून मऊ पडलेल्या तळपायातून, डोळ्यांत उडालेल्या पाण्यातून तो शिरतो. उंदीर एकच, पण कोरड्या खोलीत तो हांटाची भीती ठेवून जातो आणि ओल्या फरशीवर लेप्टोची. म्हणून दोन्ही जागांचा बंदोबस्तही वेगळा. ओल्या जागी गमबूट, रबरी हातमोजे आणि जखमेवर पाणी न जाईल अशी पट्टी. कोरड्या जागी आधी धूळ बसवणं. आणखी एक गोष्ट, कत्तलखान्यात जोराच्या पाइपने फरशी धुताना उडणारा तुषार तोंडावर येतो, त्यात तेच पाणी असतं. जोर कमी ठेवा, पाण्याची धार आपल्यापासून लांब मारा.

आता हांटा अंगात गेल्यावर काय करतो ते सांगतो, कारण पुढचे दवाखान्यातले निर्णय त्यावर ठरतात. जळगावच्या केळीवाल्याला ठिबक शिकवावं लागत नाही. मुख्य पाइपातून पाणी बारीक नळ्यांत जातं आणि नेमून दिलेल्या भोकातूनच थेंब थेंब पडतं. आपल्या शरीरातल्या केशवाहिन्या तशाच बारीक नळ्या आहेत. हांटा या नळ्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत बसतो. तो त्यांना फोडत नाही. पण त्याला हुसकावण्यासाठी शरीराची फौज तिथे जमते आणि त्या धुमश्चक्रीत नळ्या जागोजाग पाझरायला लागतात. नळी प्रत्येक सांध्याला गळू लागली की शेवटच्या झाडापर्यंत दाब पोचत नाही आणि जिथे नको तिथे चिखल होतो. शरीरातही तसंच होतं. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब उतरतो, किडनीला पुरेसं रक्त मिळत नाही. आशिया आणि युरोपातल्या हांटांचा रोख किडनीवर जास्त. अमेरिका खंडातल्या हांटांमध्ये पाणी फुफ्फुसांत साचतं. तिथे १९९३ मध्ये हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला आणि शंभरातले पस्तीस ते चाळीस रुग्ण दगावतात. कोरियातल्या मूळ हांतान विषाणूने शंभरात पाच ते पंधरा, तर सोल विषाणूने साधारण एखादाच. म्हणजे आपल्याकडच्या उंदरांशी जोडलेला प्रकार त्यातल्या त्यात सौम्य आहे, पण आजारी पडलेल्याला तो काही हलका वाटत नाही.

धूळ नाकात गेल्यापासून ताप यायला एक-दोन आठवडे लागतात, कधी सात-आठ आठवडेही. तोवर खोली झाडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. मग एकदम थंडी वाजून ताप, डोकं फुटल्यासारखं, कंबर आणि पोट दुखणं, चेहरा आणि डोळे लाल, कधी नजर धूसर. रक्त तपासलं की प्लेटलेट कमी. इथेच गफलत होते. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे आता आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की दुसरं काही सुचतच नाही. पण लेप्टोत प्लेटलेट कमी होतात, हांटात होतात, बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या स्क्रब टायफस या तापातही होतात. यांतल्या लेप्टो आणि स्क्रब टायफसला वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी आराम पडतो. डेंग्यू समजून नुसती वाट बघत बसलं तर तो वेळ हातचा जातो. हांटाला मात्र असं नेमकं औषध नाही, वेळेवर ओळखून शरीर सांभाळणं हाच उपचार. कोरिया-चीनमध्ये लस वापरतात, आपल्याकडे ती नाही.

माझ्या ओळखीतला एक जण बोकड कापायच्या ठिकाणी कामाला होता. चाळिशीतला, धडधाकट. श्रावणात ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरता येईना, डोळे लालबुंद. तालुक्याच्या एका दवाखान्यात गेला. केसपेपरवर विचारलं, काय काम करता? हा म्हणाला, "मजुरी करस." तसंच लिहिलं गेलं. तीन दिवस दुखण्याची इंजेक्शनं आणि रोज दोन बाटल्या सलाईन. चौथ्या दिवशी लघवी जवळपास बंद झाली, पाय सुजले, श्वास लागला. मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी बायकोला बाजूला घेऊन नेमकं काम विचारलं. तिने सांगितलं, कत्तलखान्यात वजडी धुतात. त्याच दिवशी लेप्टोची तपासणी झाली, औषध सुरू झालं, डायलिसिस लागलं, आणि माणूस वाचला. तो 'मजुरी' शब्द माझ्या मनातून जात नाही. त्यात लाज होती, सवय होती, आणि कुणी पुढे विचारलं नाही हेही होतं. खाटीक असो, हेडा असो, गोठ्यावरचा सालदार असो, तापात दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य कामाचं असलं पाहिजे. "मी कत्तलखान्यात काम करतो, तिथे उंदीर-घुशी आहेत," किंवा "पंधरा दिवसांपूर्वी मी ढेपेची खोली झाडली." एवढं सांगितलं तर डॉक्टरांचा विचार दुसऱ्या रस्त्याने जातो. हांटाची तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पाठवावा लागतो, आणि कुणाला तशी शंका आली तरच तो जातो.

सलाईनचं थोडं सविस्तर बोललं पाहिजे. "डॉक्टर, एक बाटली लावा," हे आपल्याकडे रुग्णच सांगतो. अशक्तपणाला सलाईन हा उपाय गावोगावी रुजलेला आहे. पण नळ्या पाझरत असताना वरून पाण्याचा जोर वाढवला तर ते पाणी झाडाच्या मुळाशी जात नाही, सरीबाहेर साचतं. शरीरात ते फुफ्फुसांत साचतं. अशा तापात किती पाणी आत गेलं आणि किती लघवी बाहेर आली, याचा तासातासाचा हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब घरच्या खाटेवर लटकवलेल्या बाटलीला जमत नाही. तसंच दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं किडनीवर ताण आणतात, आणि प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाची भीती वाढवतात. तापाचं कारण कळेपर्यंत पॅरासिटामॉलवर थांबा. लघवी कमी होतेय, उभं राहिलं की अंधारी येतेय, धाप लागतेय, यांपैकी एक जरी दिसलं तरी गावात थांबू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या गावी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

मटण आणि दुधाबद्दल हमखास विचारतात. गाई-म्हशी-शेळ्यांकडून माणसाला हांटा होतो असं दिसलेलं नाही. शिजवलेलं मटण, उकळलेलं दूध यांना घाबरायचं कारण नाही. माणसाकडून माणसाला पसरणारा हांटा एकच, दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू. मार्च २०२० मध्ये, कोरोनाची टाळेबंदी सुरू होत असताना, चीनमध्ये बसमध्ये एक जण हांटाने दगावल्याची बातमी आली आणि दुसरी महामारी आली म्हणून आपल्या व्हॉट्सॲपवर मेसेजचा पाऊस पडला. तसं काही होणार नव्हतं आणि झालंही नाही.

एक गोष्ट मात्र मला सलते. अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम कत्तलखान्यात उंदीर-घुशींचा बंदोबस्त करायला सांगतात, आणि अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायलाही सांगतात. पण त्या नियमांची नजर खाणाऱ्याकडे आहे. कामगाराचा आजार मटणात जाऊ नये, हा हेतू. उंदराचा आजार कामगाराला होऊ नये, हा विचार तपासणीच्या खोलीत क्वचितच येतो. ती वार्षिक तपासणी होतेच आहे तर लघवी आणि किडनीची तपासणी त्यात सहज बसते, आणि ठेकेदाराकडून गमबूट-हातमोजे मागायला तोच दिवस चांगला.

त्या दिवशी पाचोऱ्याकडच्या गोठ्यावर आम्ही पुढे काय केलं ते सांगतो, तीच पद्धत आहे. आधी खोलीची दारं-खिडक्या सताड उघडली आणि अर्धा तास सगळे बाहेर बसलो. तोवर म्हशी लांब बांधल्या. मालक फवारणीचा पंप आणायला निघाले, त्यांना थांबवलं, कारण त्यात कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो. झाडांना पाणी घालायची झारी घेतली. बाटलीतलं द्रव ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. आमच्याकडे ब्लीचिंग पावडर होती, ती लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर. हांटाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ कवच असतं, ते ब्लीचने आणि साबणानेही विरघळतं, आणि कवच गेलं की विषाणू संपला. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून जीवघेणा वायू निघतो. लेंड्यांवर, घरट्यावर, भिंतीच्या कडेला झारीने पाणी सोडलं आणि सगळं चिंब झाल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवलं. मग रबरी हातमोजे घालून ओला लगदा फावड्याने उचलला, पिशवीत बांधला, लांब खड्ड्यात पुरला. शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसली. खराटा लागलाच नाही. तोंडाला रुमाल किंवा उपरणं बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क अडवतो, पण धूळ उठूच न देणं हे मास्कहून चांगलं.

चाऱ्यावर अर्थातच ब्लीच टाकता येत नाही. तिथे आपलं ऊन कामाला येतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात कडबा आणि बारदानं दिवसभर पसरून ठेवली तर विषाणू फार तग धरत नाही. उन्हात टाकताना झटकू मात्र नका, अलगद पसरा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचा. भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवा. घरातल्या बारक्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. झिंक फॉस्फाईडचं विष गोठ्यात टाकू नका, म्हशीच्या तोंडी गेलं तर ती वाचवणं अवघड होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि आढ्यावर घुबड बसलं असेल तर त्याला हाकलू नका. मराठीत त्याचं नाव गव्हाणी घुबड. पिल्लं असताना ते एका रात्रीत अनेक उंदीर उचलून नेतं, आणि त्याला ढेप लागत नाही.

काम आटोपलं, हात साबणाने धुतले. पोरगा झारीकडे बघत म्हणाला, "घरमा बी असंच करू का? बहीण बाळंतपणले येल शे."

मी त्याला खाली बसवलं. घरात फिरतो तो बारका उंदीर एक वेगळा विषाणू बाळगून असतो, त्याचं नाव लांबलचक, लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस. मोठ्या माणसाला त्याने बहुतेक वेळा किरकोळ ताप येतो, क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज. पण पोटातल्या बाळापर्यंत तो पोचला तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते, गर्भही जाऊ शकतो. आपल्याकडे गोठ्याची झाडलोट, धान्य पाखडणं, कोठीची साफसफाई ही कामं बाईच्याच वाट्याला येतात, दिवस गेलेले असले तरी. त्याला म्हटलं, बहिणीला कोठीत पाठवू नको, गोधड्या उन्हात तू टाक, आणि आई सकाळी शेळ्यांचा वाडा झाडते तिथे आधी पाणी मार.

त्याने मान हलवली. घरी जाताना मालकांकडून झारी मागून घेतली, आणि कागदात बांधलेली दोन चमचे पावडर.